मुक्काम आणि परतफेड

परक्याच्या डोळ्याला घरच्यापेक्षा जास्त दिसते, ही आपली जुनी आणि लाडकी समजूत आहे. एखादा युरोपियन पाहुणा नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात पंगतीला बसला किंवा एखादी फ्रेंच बाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालली, की तिला काय वाटले हे विचारायला आपण माइक घेऊन धावतो. त्या पंगतीत रोज वाढणाऱ्याला आणि त्या वाटेने दरवर्षी जाणाऱ्या बाईला तो प्रश्न कोणी विचारत नाही. समजुतीत थोडे तथ्य आहे. सवयीमुळे घरच्याला जे दिसेनासे होते ते नव्या माणसाला खुपते, आणि खुपते म्हणून दिसते. पण नुसत्या खुपण्याला शोध म्हणता येत नाही. गेल्या साडेतीनशे वर्षांत फ्रेंच माणसे मराठवाड्यातून आणि महाराष्ट्रातून गेली, इथे लढली, राहिली, शिकली. त्यांनी काय टिपले आणि त्यांच्या हातून काय निसटले याचा पुरावा पुस्तकांत आणि संग्रहांत आहे. तो एकापुढे एक मांडला तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. परदेशी माणसाच्या शोधाची किंमत त्याच्या नजरेच्या नवेपणावर ठरत नाही. तो किती काळ राहिला, कोणाच्या दारात राहिला आणि जे मिळाले ते ज्यांचे होते त्यांच्याकडे परत आले का, या तीन गोष्टींवर ती ठरते. पुण्या-मुंबईकडून हा विषय पुष्कळदा पाहिला गेला आहे. इथे तो अर्धापूरच्या बाजूने, म्हणजे ज्याच्याकडे पाहुणा सहसा थांबत नाही अशा गावाच्या बाजूने पाहायचा आहे.

सुरुवात वाटसरूंपासून करू. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा व्यापारी रस्ता औरंगाबादवरून नांदेडच्या बाजूने गोदावरी ओलांडत तेलंगणात उतरत असे. अर्धापूरपासून हे नांदेड वीसेक किलोमीटरवर. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी जाँ बाप्तिस्त ताव्हर्निये या रस्त्याने गेला. त्याचा प्रवासवृत्तांत १६७६ मध्ये पॅरिसला छापला गेला. त्यात या रस्त्यावरचे टप्पे एकाखाली एक दिले आहेत: गावाचे नाव आणि पुढच्या गावापर्यंतचे अंतर, तेही कोसांत. नावे त्याच्या कानाने ऐकली तशी, त्यामुळे काही ओळखायला आज अभ्यासकांना घाम फुटतो. त्याच्यामागून १६६६-६७ च्या सुमारास जाँ द तेव्हनो हा जिज्ञासू प्रवासी औरंगाबादहून गोवळकोंड्याकडे गेला. वाटेत त्याने वेरूळची लेणी पाहिली आणि युरोपियन माणसाने केलेल्या त्या लेण्यांच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक लिहून ठेवले. दोघेही हुशार, कष्टाळू आणि आपल्या कामात तरबेज. पण दोघांच्या वृत्तांतात या मुलखाचे जे रोजचे जगणे उतरले ते रस्त्याच्या कडेने दिसणारे: नदीचा उतार, जकात, सराई, बाजारात काय मिळते, चोरांची भीती कुठे आहे. वाटसरूला लागते तेवढे त्याने घेतले. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ज्या गावात मुक्काम नाही त्या गावाचे त्याच्या वहीत फक्त अंतर उरते, हेही तितकेच खरे.

मग नुसता मुक्काम वाढला म्हणजे नजर बदलते का? अठराव्या शतकातले फ्रेंच सेनाधिकारी याचे उत्तर देतात, आणि ते उत्तर 'नाही' असे आहे. मार्क्वी द बुसी १७५१ मध्ये निजाम सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला आणि १७५८ पर्यंत दख्खनच्या राजकारणाचा एक खांब होऊन राहिला. त्याने उभ्या केलेल्या कवायती पलटणींच्या परंपरेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी आजच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला निजामाविरुद्ध मराठ्यांच्या बाजूने त्याचा तोफखाना चालला. पस्तीस वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला तर अजब देखावा झाला: निजामाच्या बाजूने रेमाँच्या पलटणी, शिंद्यांच्या बाजूने पेराँच्या, म्हणजे मराठे आणि निजाम यांच्या लढाईत दोन्हीकडे फ्रेंच अधिकारी. हा रेमाँ हैदराबादेत इतका मुरला की लोक त्याला मूसा रहीम आणि मूसा राम अशा दोन्ही नावांनी ओळखू लागले. १७९८ मध्ये तो तिथेच वारला आणि त्याची कबर आजही तिथे आहे. लोकांनी त्याला आपले नाव दिले, पण ज्या रयतेच्या महसुलावर त्याच्या पलटणींचा पगार निघत होता त्या रयतेच्या घरात काय शिजते, काय गायले जाते, याची नोंद या मंडळींच्या कारकिर्दीतून आपल्या हाती लागत नाही. ही माणसे वर्षानुवर्षे राहिली, पण दरबारात आणि छावणीत. तिथून मराठवाडा दिसतो तो जहागीर, चौथाई आणि रसद या रूपात. काळ पुरेसा होता. दार चुकले होते.

दार चुकणे म्हणजे काय हे आजच्या अर्धापूरवरून समजून घेता येते. हे तालुक्याचे गाव नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथे मध्ययुगीन संस्कृत शिलालेख आहे, केशवराजाचे देऊळ आहे, आणि गावाची खरी ओळख आहे ती केळी. पैनगंगेवरच्या ईसापूर धरणाचे पाणी कालव्याने आले आणि केळीच्या बागा वाढल्या. 'अर्धापुरी' या नावाचा केळीचा वाणच फळबागांच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. आज बहुतेक बागांत जी-नाईनची टिश्यू कल्चर रोपे दिसतात. हा वाण या मातीतला नाही. पण कालव्याच्या पाण्यावर वाढला, इथल्या उन्हाळ्यातल्या वावटळींना आणि थंडीत घड अडकण्याच्या दुखण्याला तोंड देऊन उभा राहिला, म्हणून आता तो इथला आहे. माणसाच्या ज्ञानाचेही असेच असावे. बाहेरून आले याने काही बिघडत नाही. इथले पाणी पिऊन इथे वाढले का, एवढेच पाहायचे. अशा गावात एक दिवस आलेल्या पाहुण्याला शिलालेख दाखवतात, देऊळ दाखवतात, बागेत घडाशेजारी उभे करून फोटो काढतात. मुनवे कधी काढायचे, वाऱ्याच्या बाजूला शेवरी किती दाट लावायची, कटाईची टोळी भाव पडला की काय बोलते, हळद शिजवायच्या दिवसांत घराची दिनचर्या कशी उलटीपालटी होते, हे त्याला दिसत नाही. कारण त्यात दाखवण्यासारखी घटना नसते. रोजचे जगणे हे पुन्हा पुन्हा घडते म्हणूनच रोजचे असते, आणि जे पुन्हा पुन्हा घडते ते पाहायला पुन्हा पुन्हा तिथे असावे लागते. देवळाचे वर्णन एका दुपारी करता येते. बागेचे करायचे तर लागणीपासून कटाईपर्यंत बारा-तेरा महिने लागतात.

विसाव्या शतकात वेगळ्या प्रकारची फ्रेंच माणसे महाराष्ट्रात आली. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये प्रकाशित झाला. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा विचार त्याला ओलांडून पुढे जात नाही. गी दलरी हे जेझुइट धर्मगुरू पुण्यात राहिले, वारीच्या वाटेने गेले, तुकोबांचे अभंग त्यांनी १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा विठोबाच्या उपासनेवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. कबिराच्या अभ्यासक म्हणून जगभर नाव मिळवलेल्या शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा फ्रेंच अनुवाद आणि अभ्यास १९६९ मध्ये दिला. इथे पहिल्या दोन अटी पुऱ्या होऊ लागतात. ही माणसे सत्तेच्या कामाने आलेली नव्हती, भाषा शिकून आलेली किंवा येऊन शिकलेली होती. दलरींच्या बाबतीत तर ग्रंथालयाच्या जोडीला पायवाटही होती. वारी ही एका दिवसाची जत्रा नाही, ती चालण्याची, मुक्कामाची, अभंगांच्या क्रमाची एक शिस्त आहे, हे ज्याने दिंडीची चाल अनुभवली त्यालाच मांडता येते. तरीही या अभ्यासाचा मुख्य आधार संतांचा शब्द होता, म्हणजे जे आधीच थोर मानले गेले होते ते. ज्या बाईच्या ओठी तो अभंग होता ती बाई पुस्तकाच्या कडेलाच राहिली.

तिला मध्यभागी आणणारा माणूस म्हणजे गी प्वातवाँ. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेले प्वातवाँ १९७२ मध्ये पुण्याला येऊन स्थायिक झाले, पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था चालवली. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामात ते होते. म्हणजे गावाशी त्यांचे नाते संशोधनाने जोडलेले नव्हते, कामाने जोडलेले होते. रेशन, रोजगार, जमीन, बायकांवरचे अत्याचार यांबद्दलच्या बैठका चालत, आणि त्या बैठकांत बायका आपले म्हणणे मांडताना मध्येच जात्यावरची ओवी म्हणत. प्वातवाँ आणि राईरकर यांना जे सापडले ते इथे सापडले. ओवी ही करमणूक नव्हे, भाषणही नव्हे. जिला घरात बोलायची मुभा नाही तिने बोलून ठेवलेले ते आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९८७ च्या सुमारास ओव्या लिहून घेण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. ते गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, त्यांतल्या पुष्कळ बायकांनीच केले. नव्वदच्या दशकात संगणक आणि संगीत यांचे फ्रेंच अभ्यासक बर्नार बेल त्यात आले आणि ध्वनिमुद्रण सुरू झाले. आज या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण आहे.

या आकड्यांचे कौतुक आहे, पण खरे महत्त्व नोंदीच्या पद्धतीला आहे. प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. विषयांची वर्गवारी आहे, म्हणजे सीतेचा वनवास, माहेर, भाऊ, लेक, सासर, विठ्ठल-रुखमाई, बाबासाहेब अशा सूत्रांनी हजारो ओव्या एकमेकींशेजारी ठेवता येतात. त्यामुळे एक गोष्ट शक्य झाली जी एकेका सुंदर ओवीच्या रसग्रहणाने होत नाही. तीच कल्पना वेगवेगळ्या गावांत कशी वळते, कोणत्या जातीच्या बाईच्या तोंडी ती कशी बदलते, हे तपासता येते. सीतेचे उदाहरण घ्या. पोथीतली सीता आणि जात्यावरची सीता एक नाही. जात्यावरची सीता ही गाणारीचीच कहाणी पुढे करून बोलते. तिचा राग, एकटेपणा, सासरच्यांवरचा आरोप ओवीत येतो आणि रामायणाच्या आडोशाने तो सुरक्षितही राहतो. हे एका ओवीवरून म्हटले तर कल्पनाविलास ठरेल. शेकडो ओव्या, शेकडो नावे आणि गावे यांच्यासह म्हटले तर तो पुरावा ठरतो. फ्रेंच शिक्षणातून आलेली वर्गीकरणाची शिस्त आणि मराठी बाईच्या तोंडची ओवी यांची ही गाठ आहे, आणि ती पडायला पंधरा-वीस वर्षांचा सहवास लागला.

हे काम पुण्याच्या डोंगरात सुरू झाले असले तरी मराठवाड्याला त्यात मोठी जागा आहे. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. जात्यावर विठ्ठल आणि सीताच असतात हा सुखवस्तू समज त्या एका बैठकीने मोडला. अर्धापूरच्या आणखी जवळचे गाव म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातले ताडकळस. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातली सीतेच्या वनवासाची गाणी या संग्रहातल्या सर्वांत लक्षणीय मुद्रणांपैकी आहेत. ज्या पट्ट्यातून ताव्हर्निये आणि तेव्हनो कोस मोजत गेले त्याच पट्ट्यातली ही बाई. तीनशे वर्षांपूर्वीच्या तिच्या पूर्वजाही पहाटे जात्यावर बसत असतील आणि रस्ताही हाकेच्या अंतरावर असेल, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते ऐकू येण्याचे कारण नव्हते. त्या आवाजापर्यंत पोहोचायला फ्रेंच असण्याची गरज नव्हती. पहाटे त्या घरात असण्याची, आणि त्याआधी त्या घराचा विश्वास मिळवण्याची गरज होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वाभिमानाचा. ओव्या गोळा करायला फ्रेंच माणूस कशाला लागतो? साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मधून ओव्यांचे भांडार आधीच उघडले होते. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले, दुर्गाबाई भागवतांनी १९५६ मध्ये लोकसाहित्याची रूपरेखा मांडली, आणि मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी हयात या विषयात घालवली. आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बाधक नाही, पूरकच आहे. कारण शोधाची किंमत जन्मभूमीवर ठरत नाही हे जर खरे, तर ते दोन्हीकडे लागू होते. फ्रेंच म्हणून प्वातवाँ मोठे होत नाहीत आणि फ्रेंच म्हणून लहानही होत नाहीत. आधीच्या आपल्या संग्राहकांनी ओवीचे सौंदर्य आणि संस्कृतीतले तिचे स्थान दाखवले. पण त्या संग्रहांत ओवी बहुतेक वेळा 'लोकां'ची राहिली, कोण्या एका बाईची झाली नाही. तिचे नाव, गाव आणि आवाज जपणे ही पुढची पायरी होती. ती चढताना बाहेरून आलेल्या माणसाचा एक फायदा झाला असेल तर तो एवढाच, की कोणती ओवी 'चांगली' आणि कोणती 'गावंढळ' हे ठरवण्याची आपली घरगुती सवय त्याला नव्हती. पण हा फायदा प्रशिक्षणाने कोणालाही मिळवता येतो. गावोगावच्या ज्या कार्यकर्त्या बायकांनी हे काम केले त्यांनी तो मिळवून दाखवला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. परदेशी माणसाच्या हाती पासपोर्ट असतो, अनुदान मिळवण्याच्या ओळखी असतात, आपल्या भाषेतले प्रकाशक असतात. तो गरीब बाईचे दुःख घेऊन जातो, त्यावर ग्रंथ लिहितो, नाव त्याचे होते. या कामालाही परदेशातून पैसा आला होता आणि त्यावरची काही पुस्तके आधी फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत निघाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच तिसरी अट, परतफेडीची, मला निर्णायक वाटते. जे नेले ते परत आले का, हे दरवेळी तपासायला हवे. ब्लॉक यांचा ग्रंथ फ्रेंचमध्येच राहिला असता तर मराठी वाचकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच होता; १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' म्हणून आणला तेव्हा तो आपला झाला. ओव्यांच्या बाबतीत, पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या मराठीसह इतर भाषांत, आवाजासकट खुल्या केल्या. त्यांचे कार्यकर्ते वीस-बावीस वर्षांनी गाणाऱ्या बायकांच्या गावी पुन्हा गेले. त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना भेटले, फोटो काढले, हयात असलेल्यांकडून पुन्हा गाऊन घेतले. ही परतफेड पुरेशी आहे का? माझ्या मते अजून नाही. मोबाइलवर असणे म्हणजे गावात असणे नव्हे. ताडकळसच्या शाळेत मुलांना आपल्या गावच्या आवाजातली सीता ऐकवली जाईल तेव्हा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल. पण ते काम आता फ्रान्सचे राहिलेले नाही, आपले आहे.

तिसरा आक्षेप शेतकरी घरातून येतो, आणि तो सर्वांत जास्त ऐकायला हवा. जात्यावरचे जगणे कष्टाचे होते. पहाटे उठून दोन पायल्या दळायच्या, मग शेतात जायचे. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची त्या कष्टातून सुटका झाली. आता कोणी येऊन त्या जात्याचे कौतुक करतो, ओव्या गेल्या म्हणून हळहळतो, तेव्हा तो बाईच्या घामावर रसिकता करतो. हा आक्षेप ज्यांना लागू आहे असे लेख आपल्याकडे ढिगाने आहेत. घराच्या कोपऱ्यात शोभेला ठेवलेल्या जात्यापासून ते शहरातल्या हॉटेलच्या दारातल्या जात्यापर्यंत ही रसिकता पसरली आहे. पण ओव्या वाचल्या तर दिसते की दळणाऱ्या बायकांनी स्वतः जात्याचे कौतुक फारसे केलेले नाही. त्यांनी त्याच्याशी भांडण केले आहे, त्याला साक्षीदार केले आहे, त्याच्यासमोर गाऱ्हाणे मांडले आहे. ओवी जपणे म्हणजे जाते परत आणणे नव्हे. सासुरवाशिणीने जे दुःख बोलून ठेवले ते आता जात्याबरोबर अडगळीत टाकायचे, की तिच्या नातीला ते कळू द्यायचे, असा हा प्रश्न आहे. गिरणीचे स्वागत करणाऱ्या बाईलाच आपली ओवी लिहून ठेवलेली हवी असू शकते. या दोन गोष्टींत विरोध नाही.

आणखी एक मुद्दा राहतो. बाहेरच्याने आपले रोजचे जगणे दाखवले की आपण चिडतोही. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल याने १९६८ मध्ये काही महिने भारतात हिंडून चित्रण केले, त्यातून सात भागांची मालिका झाली. १९७० मध्ये बीबीसीने ती दाखवल्यावर भारत सरकार इतके संतापले की बीबीसीचे दिल्लीतले कार्यालय १९७२ पर्यंत बंद राहिले. मालच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आपण परके आहोत आणि आपल्याला फारसे कळत नाही, हे तो निवेदनात वारंवार सांगतो. पण न कळल्याची कबुली हा कळण्याला पर्याय नाही. मालिकेवर बंदीचा आग्रह धरणारे सरकार चुकले आणि काही महिन्यांत देश टिपू पाहणारी दृष्टीही अपुरी पडली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. आणि हे फक्त परक्यांचे दुखणे नाही. आपले लेखक युरोपात गेले तेव्हा तेही वाटसरूच होते. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' ही मराठीतली आनंदाची ठेव आहे. पण पॅरिसच्या एखाद्या कष्टकरी वस्तीत पहाटे काय चालते हे कळण्यासाठी ती कोणी उघडत नाही, आणि पु. लं.नी तसा दावाही केलेला नाही. आज नांदेड-लातूरची मुले-मुली फ्रान्स, जर्मनीत शिकायला, नोकरीला जातात, तिथे वर्षे काढतात. त्यांच्याकडून आयफेल टॉवरखालच्या फोटोपलीकडचे काही मराठीत लिहून येईल तेव्हा उलट दिशेची परतफेड सुरू होईल. तिथल्या शेतकऱ्याची सहकारी संस्था कशी चालते, तिथला मजूर भाव पडल्यावर काय करतो, हे केळीच्या अर्धापूरला कळायला हवे.

म्हणून मुद्दा फ्रेंच माणसापुरता राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आधार प्राचीन ग्रंथ, शिलालेख, ताम्रपट हा आहे आणि तो योग्यच आहे. अर्धापूरच्या शिलालेखासारखे पुरावे त्यासाठी महत्त्वाचे. पण दगडावर कोरलेले शब्द आणखी हजार वर्षे थांबतील. तोंडी असलेले शब्द थांबणार नाहीत. जात्यावर प्रत्यक्ष दळलेल्या बायका आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेली पिढी जवळजवळ संपली. नांदेडच्या बाजारात मराठी, दखनी आणि तेलुगू एकाच वाक्यात नांदवणारी बोली नव्या पिढीच्या तोंडून निसटते आहे. केळीच्या बागेतल्या जुन्या कामांची नावे टिश्यू कल्चरच्या पत्रकांत येत नाहीत. हे टिपायला नवा ताव्हर्निये येणार नाही, आणि आला तरी तो अंतरेच मोजेल. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, तालुक्याला महाविद्यालये आहेत, प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. नव्वदच्या दशकात जे काम करायला परदेशी अनुदान आणि महागडी यंत्रे लागली, त्यातला यंत्रांचा भाग आज फुकट झाला आहे. उरला आहे तो मुक्काम, म्हणजे वेळ, विश्वास आणि पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी.

परदेशी अभ्यासक यावेत, त्यांचे स्वागत व्हावे. मात्र किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार आणि लिहिलेले आम्हाला मराठीत कधी वाचायला मिळणार, हे त्यांना पहिल्याच दिवशी विचारावे. हेच प्रश्न पुण्याहून येणाऱ्या संशोधकाला आणि आपल्याच महाविद्यालयातल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही विचारावेत. अर्धापूर तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने या दिवाळीच्या सुट्टीपासून एवढे करावे: एका गावातल्या दहा वयस्क बायकांकडे आणि दहा बागायतदारांकडे विद्यार्थ्यांना वर्षभर पाठवावे, त्यांच्या परवानगीने गाणी, कामाचे शब्द आणि आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, प्रत्येक नोंदीला नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि त्याची एक प्रत विद्यापीठाकडे पाठवण्याआधी त्या गावच्या वाचनालयात ठेवावी.